अनुभव, अंदाज आणि आपले रोजचे काम

सन १९८४ च्या पावसाळ्यात मी एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो. आमच्या घरात नोकरीला लागलेला मी पहिलाच. वडील सालगडी होते आणि आई रोजगार हमीच्या कामावर जात असे. त्यामुळे टिपणी कशी लिहावयाची, देयक कसे तपासावयाचे, साहेबांच्या टेबलावर फाईल केव्हा आणि कशी ठेवावयाची, हे सांगणारे घरात कोणीच नव्हते.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक वयस्कर भाऊसाहेब बसत. एके दिवशी त्यांनी दहा-बारा देयकांचा गठ्ठा भराभर चाळला आणि त्यातील एकावर बोट ठेवून म्हणाले, "हे परत येणार बघ." मी ते देयक दोन वेळा तपासले. बेरीज बरोबर, सह्या जागेवर, शिक्के व्यवस्थित. घाई असल्यामुळे ते तसेच पुढे गेले आणि आठच दिवसांत आक्षेप लागून परत आले. "तुम्हांला कसे कळले?" असे मी विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "अंदाज रे. बघितलं की कळतं."

तेथेच उभे असलेले दुसरे एक ज्येष्ठ कर्मचारी लगेच म्हणाले, "ते अंगातच असावं लागतं. शिकून येत नसतं." वाक्य साधे होते. परंतु ते कोणाला उद्देशून म्हटले गेले, हे त्या खोलीतील प्रत्येकाला समजले.

जाण, समज, हुशारी या गोष्टी काही विशिष्ट घरांतच जन्माला येतात, ही समजूत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसलेली आहे. 'जात्याच हुशार' असा शब्दप्रयोग आपण सहज करतो. त्या शब्दातच ती समजूत दडून बसली आहे. म्हणूनच कामातील अंदाज हा जन्माने मिळतो की कामाने घडतो, हा प्रश्न केवळ मानसशास्त्राचा नाही. तो आपल्या मुलामुलींच्या भवितव्याचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा माझ्या कुवतीप्रमाणे विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

अंदाज म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब आपणहून माझ्याकडे आले. म्हणाले, "काल घरी गेल्यावर विचार केला. त्या देयकाच्या पावतीवरची तारीख रविवारची होती. त्याच रविवारी आमच्या पुतणीचं लग्न होतं, म्हणून तारीख डोक्यात होती. ते दुकान रविवारी बंद असतं. शिवाय रक्कमही अगदी गोल होती." म्हणजे त्यांच्या डोळ्यांनी खूण आधी टिपली, मनाने निकाल आधी दिला आणि कारण मागाहून सापडले. यात जादू नव्हती. वीस वर्षांत परत आलेली शेकडो देयके त्यांच्या मनात साठलेली होती आणि हे नवे देयक त्यांतील काहींसारखे दिसत होते, इतकेच.

या गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास बुद्धिबळाच्या पटावर फार चांगला झालेला आहे. डी ग्रूट या डच मानसशास्त्रज्ञाने सुरू केलेले हे काम अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली पुढे नेले. खऱ्या डावातील पट पाच सेकंद दाखवून झाकला, तर निष्णात खेळाडू बहुतेक सोंगट्या जागच्या जागी मांडून दाखवीत असे. नवशिक्याला चार-पाच सोंगट्याच आठवत. परंतु त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून ठेवल्या, तेव्हा निष्णात खेळाडूची ती करामत जवळजवळ नाहीशी झाली. याचा अर्थ असा की, त्याची स्मरणशक्ती मुळात आपल्यापेक्षा वेगळी नव्हती. हजारो डाव खेळून सोंगट्यांच्या रचना त्याच्या ओळखीच्या झाल्या होत्या. गर्दीत ओळखीचा चेहरा आपल्याला चटकन दिसतो, तशी त्याला ती रचना दिसे. पुढे १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या सायमन यांचे म्हणणे हेच होते की, ज्याला आपण अंतर्ज्ञान म्हणतो ती साठविलेल्या अनुभवाची ओळख होय.

आपल्याकडील उदाहरणे

एवढ्या दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या जिल्ह्यात भूम तालुक्यात, कुंथलगिरीच्या परिसरात खव्याच्या भट्ट्या आहेत. भट्टीवर बसणारा माणूस घड्याळ बघत नाही आणि तापमापकही लावीत नाही. कढईतील दूध आटू लागले की बुडबुड्यांचा आकार बदलतो, उकळण्याचा आवाज जड होतो, गोळा कढईच्या कडा सोडू लागतो आणि तूप किंचित सुटल्यासारखे दिसते. नेमक्या क्षणी तो जाळ मागे ओढतो. त्या क्षणाला चुकला तर खवा करपतो किंवा ओला राहून लवकर खराब होतो. गायीच्या पाच लिटर दुधातून साधारण एक किलो खवा निघतो. तेव्हा एक घाण वाया जाणे म्हणजे सगळे दूध, सरपण आणि मेहनत वाया जाणे होय. गुऱ्हाळावरचा गुळव्याही असाच. काहिलीतील रसाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून पाहतो आणि काहील केव्हा उतरवायची ते ठरवितो. साखर कारखान्यातील पॅनमन काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन दाणा पाहतो. एस.टी.चा जुना चालक तुळजापूरचा घाट उतरताना इंजिनच्या आवाजावरून आणि ब्रेकच्या वासावरून गाडीची तब्येत ओळखतो.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. काम रोज तेच असते आणि केलेल्या निर्णयाचा परिणाम लगेच डोळ्यांसमोर येतो. खवा करपला तर तासाभरात कळते. गूळ नीट बसला नाही तर दुसऱ्या दिवशी ढेप सांगते. चूक आणि तिची शिक्षा यांत अंतर कमी असल्यामुळे मनाला दोन्हींची सांगड घालता येते. दहा वर्षे भट्टीवर बसलेल्या माणसाने केवळ दहा वर्षे काढलेली नसतात, तर हजारो वेळा अंदाज केलेला असतो आणि हजारो वेळा तो पडताळून पाहिलेला असतो. हा पडताळाच अंदाजाला धार लावतो.

अडचण सोडविताना काय घडते?

नवशिका आणि अनुभवी यांच्यासमोर एकच अडचण ठेवली तर दोघे वेगळ्या वाटेने जातात. नवशिका सर्व शक्यता कागदावर मांडतो आणि एकेक खोडीत जातो. अनुभवी माणूस आधी "हा प्रकार कोणता?" हे ओळखतो. प्रकार ओळखला की उपाय त्याच्याबरोबरच आठवतो. मग तो उपाय लागू पडेल काय, हे तो मनातल्या मनात एकदा करून पाहतो आणि कामाला लागतो.

अमेरिकेतील संशोधक गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना हेच आढळले. दोन-तीन पर्यायांची तुलना करून निर्णय घेतो असे म्हणणारे अधिकारी थोडे निघाले. क्लाइन यांनी सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. एका घराला लागलेली आग विझविण्यासाठी पथक आत गेले. पाणी मारूनही आग हटेना. खोली असावयास पाहिजे त्यापेक्षा अधिक तापलेली होती आणि आगीचा आवाज मात्र फारच कमी येत होता. अधिकाऱ्याला काहीतरी चुकते आहे असे वाटले व त्याने सर्वांना बाहेर काढले. काही क्षणांतच खोलीची जमीन खचली. खरी आग खाली तळघरात होती. तो अधिकारी याला आपली अतींद्रिय शक्ती समजत होता. वस्तुतः शेकडो आगी पाहिलेल्या मनाला ही आग नेहमीसारखी नाही एवढे कळले होते. का नाही, ते कळले नव्हते.

तेव्हा अनुभवी माणसाच्या "मला बरे वाटत नाही" या शब्दांना कामाच्या ठिकाणी किंमत दिली पाहिजे. मात्र त्याबरोबरच दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे.

अनुभवाची झापड

अब्राहम लचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग घरी मुलांबरोबरही करून पाहता येतो. तीन भांडी आहेत. पहिल्यात २१ मापे, दुसऱ्यात १२७ मापे आणि तिसऱ्यात ३ मापे पाणी मावते. मोजून १०० मापे पाणी घ्यावयाचे आहे. उत्तर असे: १२७ चे भांडे भरा, त्यातून एकदा २१ आणि दोनदा ३ काढून टाका. अशाच रीतीने सुटणारी पाच-सहा उदाहरणे ओळीने सोडवून घ्या. त्यानंतर २३, ४९ आणि ३ मापांची भांडी देऊन २० मापे मोजावयास सांगा. बहुतेक जण ४९ मधून २३ आणि दोनदा ३ काढतात. उत्तर बरोबर येते. परंतु २३ मधून ३ काढले की काम होते, हे त्यांना दिसतच नाही. ज्याने आधीची उदाहरणे सोडविलेली नाहीत, त्याला मात्र ते चटकन दिसते.

कार्यालयात "आमच्याकडे असेच करतात" हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा माणूस विरळा. जी पद्धत एकदा उपयोगी पडली तीच पुढे डोळ्यांवरची झापड होऊन बसते. नव्याने आलेल्या मुलीने "हे दोनदा का लिहायचे?" असे विचारले, तर तिला गप्प बसविण्यापूर्वी आपण २३ आणि ३ ची भांडी आठवावीत.

१९९३ ने शिकविलेला धडा

अनुभव किती दगा देऊ शकतो, हे आपल्या जिल्ह्याइतके कोणाला कळले असेल? दिनांक ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्याकडील, आजच्या लोहारा तालुक्यातील, सास्तूर परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच गेली. ज्या घरांनी माणसांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले त्याच घरांनी त्यांना गाडले. आजही त्या भागात गेले असता त्या पहाटेची आठवण काढताना माणसांचा आवाज खाली येतो.

त्या घरांची बांधणी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर लाकडावर पसरलेले मातीचे माळवद. हे बांधणारे गवंडी अडाणी होते काय? मुळीच नाही. त्यांचा अनुभव पिढ्यांचा होता. जाड भिंतीचे घर उन्हाळ्यात गार राहते, हे त्यांनी प्रत्येक वैशाखात पाहिले होते. जाड भिंतीला चोर सहजासहजी खिंडार पाडू शकत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. माळवद गळू लागले की पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा आणखी एक थर द्यावयाचा. मग गळती थांबते, हे दर वर्षी सिद्ध होत होते. ऊन दर वर्षी पडते, पाऊस दर वर्षी पडतो. त्यांचा पडताळा दर वर्षी मिळत होता आणि त्या बाबतीत गवंड्याचा व घरधन्याचा अंदाज अचूक होता.

मोठ्या भूकंपाचा पडताळा मात्र कित्येक पिढ्यांत मिळाला नव्हता. गळती थांबविणारा मातीचा प्रत्येक थर छपराचे ओझे वाढवीत होता. जाड भिंत एकसंध दिसत असली तरी आत ती बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन वेगळे पदर व मध्ये कपच्या आणि चिखल अशी होती. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुधा नसत. जमीन हलली तेव्हा पदर सुटले, भिंती फुगून कोसळल्या आणि वरचे मणामणांचे ओझे खाली आले. ज्या घरांत छपराचा भार नीट जोडलेल्या लाकडी खांबांवर होता, तेथे भिंत पडली तरी सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे आहेत. हलक्या छपराच्या झोपड्यांतील माणसे तुलनेने अधिक वाचली. गरिबीचे घर त्या रात्री वाड्यापेक्षा सुरक्षित ठरले.

ही चूक केवळ गवंड्यांची नव्हती. दख्खनचे पठार स्थिर आहे, येथे मोठा भूकंप होत नाही, अशीच जाणकारांचीही सर्वसाधारण धारणा होती. देशाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली तो वरच्या, तिसऱ्या पट्ट्यात घेण्यात आला. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसरात लहान धक्के येऊन गेले होते. त्यांत फार मोठी हानी झाली नाही. त्यामुळे 'धक्के येतात आणि जातात' असाही एक अनुभव तयार झाला होता. तोही दगा देणारा ठरला.

भूकंपानंतर नेमके उलटे घडले. माणसांना दगडाचीच धास्ती वाटू लागली. दगडी घर नको, सिमेंटचेच पाहिजे, अशी मागणी गावोगाव होऊ लागली. वस्तुतः दोष दगडाचा नव्हता, तो रचण्याच्या पद्धतीचा आणि छपराच्या ओझ्याचा होता. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जी घरे उभी राहिली होती त्यांची दुरुस्ती करताना भिंतीत आरपार दगड बसविणे, चौफेर पट्टा घालून भिंती एकमेकींना बांधणे, माळवदावरील मातीचे ओझे कमी करणे, असे उपाय शिकविण्यात आले. ज्या गवंड्यांनी जुनी घरे बांधली त्यांच्याच हातांना ही नवी रीत शिकविली गेली. म्हणजे शंभर वर्षे न मिळालेल्या अनुभवाने माणूस फसतो, तसा एका रात्रीच्या भयंकर अनुभवानेही फसू शकतो. दोन्ही वेळा 'का?' हा प्रश्न विचारणे हाच उपाय असतो.

अनुभवावर विश्वास केव्हा ठेवावा?

अनुभवी माणसाच्या अंदाजावर विश्वास ठेवणारे गॅरी क्लाइन आणि त्याविषयी शंका घेणारे डॅनियल काह्नेमन यांनी मतभेद बाजूस ठेवून २००९ साली एकत्र लेख लिहिला. दोघांचे एकमत झाले ते थोडक्यात असे. ज्या कामात काही नियमितपणा आहे आणि ज्यात माणसाला दीर्घकाळ काम करून आपल्या निर्णयाचा परिणाम पाहावयास मिळतो, तेथे अंदाज विश्वासार्ह बनतो. या दोन गोष्टी नसतील तर माणसाला आत्मविश्वास येतो, पण अंदाज येत नाही. आणि आत्मविश्वास हा काही अचूकपणाचा पुरावा नव्हे.

ही कसोटी लावून पाहिली की पुष्कळ गोष्टी उलगडतात. खव्याच्या भट्टीवरचा अंदाज पक्का असतो. परंतु "मी मुलाखतीत उमेदवाराचा चेहरा बघून माणूस ओळखतो" असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचे काय? त्याने ज्यांना नाकारले ते पुढे कसे निघाले, हे त्याला कधीच कळत नाही. त्याचा पडताळा अर्धाच असतो. वर्गात मागच्या बाकावर बसविलेल्या मुलाबद्दल "याला गणित यायचे नाही" असे सांगणाऱ्या गुरुजींचेही तसेच. त्या मुलाला फळ्याजवळ बोलावलेच नाही, तर त्यांचा अंदाज खोटा ठरण्याची वेळच येत नाही. असा अंदाज वर्षानुवर्षे न तपासता टिकतो आणि त्यालाच लोक अनुभव म्हणतात. आपल्या पुष्कळ मुलामुलींचे नुकसान अशा न तपासलेल्या अंदाजांनी केलेले आहे.

संधी आणि सांगणारा माणूस

अनुभव जन्माने मिळत नाही, हे सिद्ध करणारे एक थोर उदाहरण आपल्या भूम-परंड्याच्या शेजारी, जामखेडला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातील आरोग्याची जबाबदारी त्यांनी गावातीलच स्त्रियांवर सोपविली. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, त्यांत दलित स्त्रियाही होत्या. ज्यांच्या सावलीचाही एके काळी विटाळ मानला जाई, त्या स्त्रिया घरोघर जाऊन गरोदर बाईला तपासू लागल्या, मुलांची वजने घेऊ लागल्या, कोणती बाळंतपणे अवघड जातील हे आधी ओळखू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या स्त्रियांना ही जाण कशी आली? त्या नियमाने जामखेडला एकत्र जमत. गावात कोणता रुग्ण पाहिला, काय केले, पुढे काय झाले, हे एकमेकींना सांगत. चुकले तेथे समजावून मिळे, पुन्हा गावात जाऊन काम करावयाचे असे. काम करण्याची संधी, परिणाम पाहण्याची सोय आणि चूक झाली असता न हिणवता सांगणारी माणसे, या तीन गोष्टी मिळाल्या आणि अक्षरओळख नसलेल्या स्त्रीच्या नजरेत वैद्याची पारख आली. अंगात असावे लागते असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

नोंदीचे महत्त्व

अनुभव मनात ठेवला तर तो माणसाबरोबर निवृत्त होतो. लिहून ठेवला तर तो इतरांच्या कामी येतो. ज्या महाडचे नाव आपणा सर्वांस चवदार तळ्यामुळे ठाऊक आहे, त्याच परिसरात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले. मूळचे ते आपल्या मराठवाड्यातील जालना जिल्ह्याचे. लाल विंचू चावलेले रुग्ण, विशेषतः लहान मुले, त्यांच्यासमोर दगावत होती. ते रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी ठेवीत. उलटी होते, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात. आणि अशा रुग्णाच्या हृदयावर पुढे ताण येतो, हा क्रम त्यांना त्या नोंदींतून दिसू लागला. १९८२ साली त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणावर कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. असे रुग्ण त्यांच्याआधीही अनेकांनी पाहिले होते. बावस्करांनी पाहिले, लिहिले आणि पडताळले.

आपण काय करावे?

आपल्यापैकी पुष्कळ जण शाळेत, पंचायत समितीत, एस.टी.त, वीज कंपनीत, दवाखान्यात, बँकेत काम करतात किंवा करून निवृत्त झाले आहेत. अशा सर्वांना नम्रपणे काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट म्हणजे एक वही ठेवावी. अडचण कोणती आली, आपला अंदाज काय होता आणि प्रत्यक्षात काय झाले, एवढ्या तीन ओळी पुरेत. अंदाज आधी लिहावा. मागाहून "मला ठाऊकच होते" असे प्रत्येकाला वाटते.

दुसरी गोष्ट, ज्येष्ठांनी "बघितलं की कळतं" एवढ्यावर थांबू नये. काय बघितले ते सांगावे. तत्काळ सांगता आले नाही तर भाऊसाहेबांप्रमाणे घरी जाऊन विचार करावा आणि दुसऱ्या दिवशी सांगावे.

तिसरी गोष्ट, नवीन माणसाची चूक चारचौघांत काढू नये. ज्याला चुकीची लाज वाटावयास लावली जाते तो चूक लपवितो, आणि लपविलेल्या चुकीतून कोणीच काही शिकत नाही.

चौथी गोष्ट, जे काम वर्षानुवर्षे एकाच रीतीने चालले आहे त्याकडे अधूनमधून माळवदाकडे पाहावे तसे पाहावे. गळती थांबते आहे हे खरे. पण ओझे तर वाढत नाही ना, हेही विचारावे.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नोकरी, व्यापार किंवा वकिली आहे, तेथील मुलाला जेवताना कानांवर पडणाऱ्या बोलण्यातूनच निम्मे शिक्षण मिळते. आपल्या पहिल्या पिढीला ते मिळाले नाही. प्रत्येकाला शून्यापासून चुका करीत शिकावे लागले. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीवर ती वेळ येऊ नये. निवृत्त झालेल्या आपल्या बंधू-भगिनींनी महिन्यातून एक रविवार नव्याने नोकरीला लागलेल्या, दुकान टाकलेल्या, परीक्षा देणाऱ्या मुलामुलींबरोबर बसावे आणि आपल्या यशापेक्षा आपल्या चुका त्यांना सांगाव्यात. चुकांचा वारसा हादेखील फार मोलाचा वारसा आहे.

माझे भाऊसाहेब निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी टेबलाच्या खणातून एक जाडजूड वही काढून माझ्या हातात दिली. त्यांच्या नोकरीत आक्षेप लागून परत आलेल्या प्रत्येक देयकाची एकेक ओळ तीत होती: तारीख, देयकाचा प्रकार, आक्षेपाचे कारण. त्यांचा 'अंदाज' तो हाच. तो अंगात नव्हता, वहीत होता. पुढे मीही त्याच वहीत लिहीत गेलो. काही वर्षांनी एका तरुण सहकाऱ्याने मला विचारले, "हे परत येणार, हे तुम्हांला कसं कळलं?" तेव्हा मी त्याला खुर्ची ओढून शेजारी बसविले आणि ती वही उघडली.

आपल्यापैकी प्रत्येकाजवळ अशी एक वही आहे. काहींची कागदावर आहे, बहुतेकांची मनात. ती पुढच्या पिढीसमोर उघडावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून हा लेख संपवितो.